एकाच घराची तीन कार्डं

मागच्या भागात फौजी टपालाबद्दल बोललो. त्यानंतर इंदूरपासून बेळगावपर्यंत कुठून कुठून निरोप आले, पण प्रश्न बहुतेकांचा एकच. घरातल्या ट्रंकेत जुनी चित्रांची पोस्टकार्डं सापडली आहेत, काय भाव मिळेल? काहींनी मोबाइलवर फोटो पाठवले. फोटो फक्त चित्राचे. मागची बाजू एकानंही पाठवली नाही. म्हणून आजचा विषय हाच, आणि सुरुवातीलाच सांगतो, पुढं एक कबुलीजबाबही आहे.

मी राहतो दिल्लीत, हिंदूरावला. रिक्षावाल्याला 'हिंदूराव' एवढंच सांगितलं तरी तो इस्पितळाच्या फाटकाशी आणून सोडतो. हे नाव कुणाचं, असं इथल्या दहा जणांना विचारा, दहाही जण डोकं खाजवतील. नाव आपल्या कागलकर घाटग्यांचं. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई, त्यांचे हे भाऊ हिंदूराव. बायजाबाईंना १८३३ साली ग्वाल्हेर सोडावं लागलं, त्या उलथापालथीनंतर हिंदूराव दिल्लीत येऊन राहिले. टेकडीवरचा हा बंगला आधी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा. त्याचा १८३५ च्या मार्चमध्ये खून झाला, आणि घर हिंदूरावांनी घेतलं. १८५७ च्या आधीच ते वारले, पण घराला नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या साली जूनपासून सप्टेंबरपर्यंत टेकडीवरच्या इंग्रजी मोर्चाचं हे मुख्य ठाणं होतं. गुरख्यांची सिरमूर बटालियन इथं होती. ४९० माणसांपैकी ३२७ मेली किंवा जखमी झाली. फौजी माणसाला हा आकडा वाचल्यावर त्या चढावरून सहज चालत जाता येत नाही.

तर या लढाईमुळं इंग्रज प्रवासी हे घर बघायला यायचे, आणि प्रवासी आले की कार्ड विकणारे आलेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'हिंदूरावचं घर, दिल्ली' अशी पोस्टकार्डं निघाली. माझ्याकडं तीन आहेत. पुतण्या कॅमेरा धरून बसलाय, त्याला जरा जवळ आणायला सांगतो. ई-पुस्तक वाचणाऱ्यांनी डोळ्यांसमोर आणा: पांढरं, खांबांचं घर, समोर मोकळी जागा, जवळजवळ एकाच ठिकाणी उभं राहून काढलेलं. तिन्हींवर तेच घर. पण मी दिलेले पैसे सांगतो: पहिल्याला चारशे, दुसऱ्याला पंधराशे, तिसऱ्याला दीडशे. आज विकायला काढली तर क्रम उलटा लागेल, निदान पहिलं तरी सगळ्यांत खाली जाईल.

पहिलं कार्ड रंगीत. दिसायला सगळ्यांत देखणं. आकाश निळं, झाडं हिरवी. भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग पुरतं. आकाशात बारीक ठिपके ओळीनं मांडलेले दिसतात. म्हणजे हे छापखान्यातून निघालेलं. त्या काळी हिंदुस्थानातले पुष्कळ प्रकाशक फोटो इथं काढायचे आणि छपाई जर्मनीत करून घ्यायचे. मागं बारीक अक्षरात 'सॅक्सनी' किंवा 'जर्मनी' असं दिसतं. रंग तिथल्या कारागिराच्या मनातले. त्यानं दिल्ली कधी पाहिलेली नसायची, म्हणून काही कार्डांत आपलं उन्हाळ्यातलं करडं रान विलायती कुरणासारखं दिसतं. अशी कार्डं छापली की ढीगभर छापली जायची. पाहुणे घ्यायचे, अल्बममध्ये लावायचे, आणि न लिहिलेलीच राहायची. सुंदर आहे, कोरं आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे, आणि तरी मिळतं. जुनं म्हणजे दुर्मीळ, ही आपली पहिली गैरसमजूत. जुन्या काळी पोस्टकार्डाचं वेड आजच्या मोबाइल-फोटोसारखं होतं.

आता त्यात प्रकाशक कोण हे पाहावं लागतं. दिल्लीत चांदनी चौकात एच. ए. मिर्झा आणि सन्स हे मोठं नाव. मक्केची छायाचित्रंही त्यांनी काढली. मुंबईत क्लिफ्टन, लंडनचे राफाएल टक. आपल्याकडं रविवर्मा प्रेस. रविवर्म्याचं नाव दिसलं की लोकांना वाटतं लॉटरी लागली. पण त्यात दोन जाती आहेत. सुरुवातीच्या काळातली, पॉल गेरहार्ट या चित्रकारानं काढलेली दगडी छापाची कार्डं, ती खरोखर हवीहवीशी. आणि नंतर वर्षानुवर्षं निघत राहिलेली देवादिकांची चित्रं, ती घरोघर. यावर ओमर खान यांचं 'पेपर ज्वेल्स' नावाचं इंग्रजी पुस्तक २०१८ साली आलंय. ज्यांच्याकडं पन्नासाहून जास्त कार्डं आहेत त्यांनी विकायच्या आधी ते एकदा चाळावं. पुस्तकाचे पैसे एका कार्डात निघतील.

दुसरं कार्ड काळंपांढरं, मळकट. भिंगाखाली ठिपका एक नाही. सावलीपासून उजेडापर्यंत रंग सलग उतरत जातो. तिरपं धरलं की गडद भागावर चांदीसारखी चमक येते. ही खरी छायाचित्रं, फोटोच्या कागदावर एकेक करून काढलेली, मागं पोस्टकार्डाच्या रेघा छापलेल्या. कुणा फोटोवाल्यानं दहा काढली असतील, पन्नास काढली असतील. यावर घरासमोर एक पाणक्या पखाल घेऊन उभा आहे आणि बाजूला दोन शिपाई. रंगीत कार्डात माणसंच नाहीत. जिथं माणसं, दुकानाच्या पाट्या, गाड्या, कामधंदा दिसतो, ते कार्ड स्मारकाच्या कार्डापेक्षा वर जातं. ताजमहालाचं कार्ड शेकड्यानं मिळतं. एखाद्या मिरजेच्या किंवा खामगावच्या बाजारपेठेचं मिळवून दाखवा.

एक मधली जात आहे, तिच्यात फसायला होतं. ठिपके नाहीत, पण फोटोही नाही. भिंगाखाली सुरकुतलेल्या सायीसारखी बारीक जाळी दिसते. ती काचेवरून केलेली छपाई, कोलोटाइप म्हणतात. देखणी असते, पण छापच. मी स्वतः दोनदा फोटो समजून घेतलीत.

तिसरं कार्ड. कोपरा तुटलाय, मधून घडी पडलीय, कडेला बुरशीचे तपकिरी ठिपके. दुकानदार मला म्हणाला, "कर्नलसाब, लिखा हुआ है, खराब है, डेढ़ सौ दे दो।" मी उलटून पाहिलं आणि दोनशेची नोट देऊन पन्नास परत घ्यायचं विसरून बाहेर पडायची घाई केली. म्हणजे खरं तर दोनशेच धरा.

मागं काय होतं? मोडी. दाट, एका सुरात धावणारी मोडी. तीन पैचं राखाडी तिकीट, सातव्या एडवर्डचं, आणि १९११ च्या डिसेंबरचा दरबारी छावणीचा शिक्का. राजा पाचवा जॉर्ज इथं दिल्लीत दरबार भरवून बसलेला, आणि तिकिटावर अजून त्याचे वडील. नवी तिकिटं नुकतीच निघत होती. दरबारासाठी छावणीत टपालाची वेगळी सोय आणि वेगळे शिक्के होते. मला मोडी अडखळत येते, म्हणून पुण्याच्या एका जाणत्या गृहस्थांकडून वाचून घेतलं. कुणा संस्थानिकाच्या लवाजम्यातला कारकून असावा. दरबाराबद्दल एक अक्षर नाही. थंडी फार आहे, रजई अपुरी पडते, मनीऑर्डर पोचली का, गाय व्याली का. एवढंच. चित्राबद्दल एक ओळ: हे आपल्याकडच्या घाटग्यांचं घर, पाहून आलो.

आता या एका कार्डाला किती गिऱ्हाईकं झाली पाहा. दिल्लीची चित्रं जमवणारा येईल, पण तो कोपरा तुटला म्हणून नाक मुरडेल. टपालाचा इतिहास जमवणाऱ्याला कोपऱ्याशी घेणं नाही, त्याला शिक्का हवा. दरबाराच्या वस्तू जमवणारा तिसरा. आणि मराठी अभ्यासक चौथा, त्याच्याकडं पैसे सगळ्यांत कमी, पण हाव सगळ्यांत जास्त. भाव ठरतो तो या लोकांतले दोघं तरी एका वेळी हजर असतील तेव्हा. एकटाच असेल तर तो म्हणेल तो भाव. म्हणून मी म्हणतो, आधी मागची बाजू पाठवा.

मागच्या बाजूवरून वयही कळतं. सुरुवातीच्या कार्डांना मागं फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचा. मधोमध रेघ मारून डावीकडं मजकूर, उजवीकडं पत्ता, ही सोय ब्रिटननं १९०२ साली दिली, जर्मनीनं १९०५, अमेरिकेनं १९०७. रेघ नसेल तर कार्ड साधारण त्या आधीचं. आपल्याकडं सरकारी पोस्टकार्ड १८७९ पासून, पाव आण्यात. ते चित्राचं नव्हे, ही गल्लत करू नका.

आणि हे चौथं, तुम्हाला मुद्दाम दाखवायला ठेवलंय. तेच घर, पिवळा पडलेला कागद, छान दिसतं. दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ साली फुटपाथवरून उठून महिला हाटमध्ये गेला, तिथं तीनशेला घेतलं. घरी नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं तर निळंशार चमकलं. कागदाला पांढरेपणा आणायची ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास वापरात आली. १९०५ चं कार्ड चमकत नाही. पिवळेपणा बहुधा चहाचा. तीनशे रुपयांत धडा स्वस्त पडला.

आता कबुलीजबाब.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या दोस्ताच्या पत्नीचा फोन आला. दोस्त गेला त्याला सहा वर्षं झाली. वहिनी गावी, कोल्हापूरकडं एकट्या असतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेली. त्यांच्या आजेसासऱ्यांचा कार्डांचा अल्बम होता, एका व्यापाऱ्यानं न मोजता पंचवीस हजार देऊ केले होते. "भाऊजी, तुम्हाला यातलं कळतं. देऊ का?"

मी म्हटलं, थांबा, मी येतो. येतो म्हणालो कारण तो अल्बम मी पाहिलेला होता. १९८९ साली, बेळगावला पोस्टिंग असताना, सुट्टीत दोस्ताच्या घरी गेलो होतो. तेव्हा मी तिकिटं जमवत असे, आणि तिकिटं जमवणाऱ्याला त्या वयात तिकिटाशिवाय काही दिसत नाही. आजोबा पहिल्या महायुद्धात ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई, मेसोपोटेमियात. अल्बममध्ये बसऱ्याच्या खाडीची, होड्यांची, खजुराच्या बागांची कार्डं. त्यांतल्या सात कार्डांवर 'आय.ई.एफ.' असा छाप मारलेली तिकिटं. म्हणजे हिंदी फौज परदेशी लढत होती तिच्यासाठीची. मी दोस्ताला म्हटलं, ही मला दे. तो म्हणाला, घे ना, चित्रं राहू देत आईसाठी. मी रात्री वाटीत कोमट पाणी घेतलं, कापसानं ओली केली आणि सातही तिकिटं हळूच सोडवली. कार्डांना फार इजा झाली नाही म्हणून स्वतःवर खूशही होतो.

ती तिकिटं बाजारात आजही स्वस्त मिळतात. महाग होतं ते कार्डावरचं तिकीट, त्यावरून कार्डावर उतरलेला फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, त्यातला नंबर आणि तारीख. मी तो शिक्काच मधून तोडला होता.

हे नुसतं पैशाचं नव्हतं. आजोबा कूटला पकडले गेले. १९१५ च्या डिसेंबरात वेढा पडला, १९१६ च्या २९ एप्रिलला शरणागती. मराठ्यांच्या तीन पलटणी आत होत्या, १०३, ११० आणि ११७. त्यानंतर कैद, वाळवंटातली चाल, रेल्वेच्या कामावर मजुरी. पुष्कळ जण परत आलेच नाहीत. हे परत आले आणि त्याबद्दल कधी बोलले नाहीत. घरात एवढंच माहीत होतं की कैदेच्या आधीची काही कार्डं आहेत. कुठली आधीची, कुठली सुटकेनंतरची, हे सांगणारी तारीख अर्धी कार्डावर होती, अर्धी माझ्याकडं.

गावी जाऊन तीन दिवस बसलो. एकसष्ट कार्डं. प्रथम ढीग केले. चित्रं छापील, कोरी, नेहमीची: अठ्ठेचाळीस. यातली सहा दोस्ताच्या भावानं प्रेमानं लॅमिनेट करून ठेवलेली, त्यांचा भाव शून्य धरला. मंडळी, हात जोडून सांगतो, लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, गोंदानं चिकटवू नका. उरलेल्यांत सहा खरी छायाचित्रं, त्यातल्या एकात पलटणीचे जवान तंबूपुढं बसलेले. आणि सात ती, तिकीट उपटलेली.

भाव काढताना मी विक्रीला लावलेले आकडे पाहिले नाहीत. कुणीही कार्डाला दहा हजार मागू शकतो. ईबेवर फक्त 'विकलेले' दाखवा असं सांगता येतं, ते पाहिले, आणि दोन लिलावांच्या निकालाच्या याद्या. त्याच चित्राची, साधारण त्याच अवस्थेतली किमान तीन विक्री सापडली तरच आकडा मांडला, नाहीतर कोरं सोडलं. अठ्ठेचाळीसचा ढीग वहिनींना वाटलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी आला. छायाचित्रं बरीच वर गेली. तंबूचं एकटं साऱ्या छापील ढिगाहून जास्त. व्यापाऱ्याची गंमत लक्षात आली. तो ढीग बघून पैसे देत नव्हता, त्या सहांसाठी देत होता. त्यात गैर काही नाही, त्याचा धंदा आहे. पण सरसकट भाव देणारा माणूस कशावर नजर ठेवून आहे, ते आधी शोधायचं.

परदेशी विकायचा विचार असेल तर एक थांबा आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू, आणि महत्त्वाचं हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांवरचं, खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचं कार्ड त्यात बसतं की नाही, हे पुरातत्त्व खात्याला विचारून मगच पाकीट बंद करा.

सातांबद्दल मी वहिनींना त्याच संध्याकाळी सांगितलं. ती तिकिटं कुणी काढली हे त्यांना माहीत नव्हतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ती तिकिटं कुठं आहेत?"

हा प्रश्न मला पस्तीस वर्षांत सुचला नव्हता.

दिल्लीला परत आल्यावर जुने स्टॉकबुक काढले. तिकीट पाण्यात सुटतं, पण त्यावरची शिक्क्याची शाई बहुतेक वेळा तशीच राहते. सातांपैकी तीन मी कधीतरी अदलाबदलीत देऊन टाकली होती. चार होती: तीन अर्ध्या आण्याची हिरवी, एक लाल आण्याचं. वहिनींनी कार्डं सोबत दिली होती. टेबलावर दिवा लावून, चिमट्यानं एकेक तिकीट एकेका कार्डाच्या कोपऱ्यावर फिरवत बसलो. नकाशाचे दोन कागद जोडताना रस्ता रस्त्याला मिळतो ना, तसं शिक्क्याचं वर्तुळ वर्तुळाला मिळालं. दोन कार्डं नक्की जुळली. तिसरं बहुधा. चौथं हिरवं कशालाच बसलं नाही.

जुळलेल्या एकावर तारीख पुरी झाली: १४ ऑक्टोबर १९१५. चित्र बसऱ्यातल्या अशारच्या खाडीचं, होड्यांची गर्दी. वेढ्याला तेव्हा सात-आठ आठवडे होते. मजकूर चार ओळी, इतरांसारखाच, प्रकृती ठीक, काळजी नसावी, थोरल्याला शाळेत घातलं का.

तिकीट परत चिकटवलं नाही. चिकटवून विकणं म्हणजे फसवणूक, आणि जाणकार ते ओळखतोच. कार्ड आणि तिकीट एका पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात शेजारी शेजारी ठेवलं, सोबत चिठ्ठी: तिकीट १९८९ साली काढलं, कुणी काढलं, जुळणी कशी केली. पीव्हीसीचं पाकीट घेऊ नका, त्याचा वास येतो तेच रसायन शाई खातं. या अवस्थेत भाव साबूत कार्डाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त येणार नाही, असं मी वहिनींना लिहून दिलं.

छायाचित्रं एका लिलावात गेली, तंबूचं सोडून. छापील ढीग त्याच व्यापाऱ्याला दिला, त्यानं कुरकुर करत घेतला. एकूण रक्कम पंचवीस हजारांच्या दुपटीहून थोडी वर आली. शस्त्रक्रियेला ती पुरली नाही, पण हातभार लागला. तंबूचा फोटो आणि सातही कार्डं वहिनींनी ठेवून घेतली. उरलेल्या हिरव्या तिकिटाचं काय करायचं विचारलं तर म्हणाल्या, तुमच्याकडंच राहू दे, कधी जुळलं तर पाठवा.

ते इथं आहे, या पाकिटात. कॅमेऱ्यात नीट दिसतंय का? शिक्क्याची खालची कड आहे, त्यात आकडा नऊ आहे की सहा, हे मला अजून लागत नाही. ज्यांना त्या मोहिमेच्या फील्ड पोस्ट ऑफिसांचे नंबर माहीत आहेत, त्यांनी जरूर कळवा.